मंडईत दाखवलेला पिक्चर

तो पिक्चर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला झोप लागली, हे आधीच सांगून टाकते. नंतर ज्यांनी ज्यांनी त्याच्याबद्दल मोठमोठं बोलून दाखवलं, त्यांच्यातल्या निम्म्यांना तरी लागलीच असणार, पण ते कबूल करायचे नाहीत. मी लेडीज टेलर. वडशात माझं दुकान आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत ब्लाऊज कमी आणि नाटकवाल्यांचे कपडे जास्त शिवते, कारण पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतल्या सगळ्या नाटक कंपन्यांची ऑफिसं आमच्याच गावात. पोलिसाची वर्दी, पाटलाचा कोट, नाचणारीचं नऊवार, सगळं माझ्या मशीनखालून जातं. गाण्यावर गाणं असलेलं, आधी रडवणारं आणि मग हसवून जागं ठेवणारं नाटक पाहत लहानाची मोठी झालेली बाई मी. मला कोणी दीड तास जंगलाकडे बघत बसलेला माणूस दाखवला तर माझे डोळे मिटणारच ना?

आणि तो बघत बसलेला माणूस माझा बाप होता, तरी मिटले.

बाबा झाडीपट्टीचे खलनायक. आवाज असा, की मंडपाबाहेर सायकलवर बसून फुकट नाटक ऐकणाऱ्यालाही शब्द न् शब्द कळायचा. त्यांनी नाटकात सुनेला घराबाहेर काढलं की पुढे बसलेल्या बाया उभ्या राहून त्यांना शिव्या घालायच्या, आणि बाबा घरी येऊन त्या शिव्या आईला चवीनं सांगायचे. एकदा बाजारात भाजीवालीनं त्यांना वांगी द्यायचं नाकारलं. "आधी सुनेले घरात घ्या, मंग वांगे न्या," म्हणाली. बाबा इतके खूश झाले की दुसऱ्या दुकानात न जाता तिथेच तिला मनवत उभे राहिले.

मग खर्ऱ्यानं घात केला. आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा हा खर्रा माणसाच्या गालात सकाळपासून असतो, बाबांच्याही असायचा. मी किती भांडले असेन! पालथ्या घड्यावर पाणी. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते गळ्याला ठेवलेल्या भोकातून श्वास घेतात, त्यावर मऊ कापडाची झापड असते, तीही मीच शिवते. डॉक्टरांनी एक यंत्र दिलं, लहान टॉर्चएवढं. ते गळ्याला लावून बटन दाबायचं आणि ओठ हलवायचे, की घर्रर्र करत शब्द बाहेर येतात. शब्द कळतात. पण त्यात चढ नाही, उतार नाही, राग नाही, लाड नाही. ज्या माणसानं आयुष्यभर आवाजाच्या चढउतारावर भाकरी खाल्ली, त्याच्या हातात हे आलं.

तरी बाबांनी सुरुवात उत्साहानं केली होती. पहिला फोन त्यांनी लावला तो त्यांच्याबरोबर कितीतरी वर्षं काम केलेल्या बाईंना. नाटकात बाबांनी त्यांना नको तितक्या वेळा पळवून नेलेलं, घरी मात्र रक्षाबंधनाला राखी त्यांचीच. बाबा यंत्र लावून म्हणाले, "मी बोलतोय." पलीकडून बाई म्हणाल्या, "मले नवीन सिम नाई पायजे, पुन्हा फोन करू नका," आणि ठेवून दिला. मला हसू आलं, अगदी फुटलंच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, यंत्र डब्यात ठेवलं, डबा कपाटावर टाकला. मी बाईंना परत फोन लावून खरं काय ते सांगितलं, त्या रडल्या, दुसऱ्या दिवशी भेटायला आल्या, तरी बाबांनी डबा काही खाली काढला नाही.

त्यानंतर आमचं घर ओठांवर चाललं. आई आधीच गेलेली, बाबा माझ्याकडेच राहतात, त्यामुळे त्यांचे ओठ वाचायला मी झपाट्यानं शिकले. पण बाहेर जाणं त्यांनी सोडलं. सीझनमध्ये नाटकाची जाहिरात करणारी गाडी भोंगा वाजवत गेली की उठून खिडकी लावायचे. कंपनीचे लोक दुकानात मापं द्यायला आले की आतल्या खोलीत जायचे. मला संताप यायचा. कोणावर काढायचा तेच कळायचं नाही, म्हणून गिऱ्हाइकांवर काढायची.

अशात एक दिवस चंद्रपूरची एक पोरगी दुकानात आली. तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ, सगळ्या जिल्ह्यातल्या निकाहाचे आणि लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. ही पुण्याला जाऊन पिक्चर काढायचं शिकून आलेली. "ताई, वनरक्षकाची वर्दी पाहिजे," म्हणाली. "एकच जोडी. पण वीस वर्षं अंगावर वागवल्यासारखी दिसायला हवी."

"मग जुनीच घे ना कोणाची तरी," मी म्हटलं. "नवीन कापड आणून त्याची चिंधी करायला मी काय येडी आहे?"

ती भांडायच्या तयारीत होती, पण तेवढ्यात बाबा चहाचा कप ठेवायला दारात आले आणि ती बोलायचीच थांबली. तशीच ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि बाबा तिच्याकडे. नंतर कळलं, लहानपणी त्यांचं नाटक पाहून तिला भीतीनं ताप भरला होता. तिथेच तिनं विचारलं, "काका, माझ्या पिक्चरमध्ये काम कराल? बोलायचं काही नाही. फक्त बघायचं."

बाबांचे ओठ हलले. मी तिला सांगितलं, "ते विचारून राह्यले, बघून काय होते?"

"तेच तर मला माहीत नाही काका, म्हणून पिक्चर काढतेय."

झालं! मी कपाळावर हात मारणार, तर बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. त्याच क्षणी मी मुकाट्यानं टेप काढला आणि खाकी वर्दीसाठी बाबांचं माप घेतलं.

शूटिंग हेमलकशाच्याही पुढे, सागाच्या जंगलात झालं. बाबांच्या गळ्याची निगा ठेवायला मी सोबत. लांबून सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडचे ट्रक गेले की घरघर ऐकू यायची आणि सगळ्यांनी हातावर हात ठेवून उभं राहायचं, ट्रक जाईपर्यंत. वर्दी मी उन्हात वाळवून, विटेनं घासून, चहाच्या पाण्यात बुडवून अशी केली की खऱ्या वनरक्षकानं पाहून मान हलवली. एक बटन मुद्दाम तोडून टाकलं.

पिक्चरची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक वनरक्षक जंगलातल्या चौकीत एकटा राहतो. रोज संध्याकाळी झाडांमधून गुणगुणल्यासारखा एक आवाज येतो. तो आत जातो, काहीच नसतं. मग त्याला दिसायला लागतं की चौकीवरून जाणारी माणसं दुसऱ्यांदा आली की त्याला ओळखत नाहीत. त्याचं घड्याळ मागे पडत जातं. एका सकाळी चौकीभोवती पावलं उमटलेली असतात, आणि तो आपला पाय त्यात ठेवून बघतो तर माप त्याच्याच पायाचं. शेवटी बंद पडलेला वायरलेस आपोआप सुरू होतो आणि त्यातून एक आवाज विचारतो, "कोणी आहे का?" पडदा काळा होतो. बराच वेळ काळाच राहतो. संपलं. कोणाचा आवाज, कुठून आला, त्या माणसाचं काय झालं, काही म्हणजे काही सांगत नाही.

तो वायरलेसचा आवाज पुण्याच्या एका माणसाकडून करून घ्यायचा होता. पण एके दुपारी तिनं मला विचारलं, "काका घरीही कधीच बोलत नाहीत?" आणि माझा तोल गेला. सिमकार्डाची सगळी कहाणी मी तिला फडाफडा सांगून टाकली. यंत्र तेव्हा माझ्याच पिशवीत होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं, लांब जाताना जवळ ठेवा, अडीअडचणीला लागतं. तिनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि बाबांसमोर जाऊन बसली. काही मागितलं नाही. नुसती बसली. बाबांनी मान फिरवली.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी बाबांनी स्वतःच मला खूण करून यंत्र मागितलं. ओठांनी अट घातली, कोणाचा आवाज ते कोणालाही सांगायचं नाही, नाव कुठेही द्यायचं नाही. तिनं मान्य केलं. मग त्यांनी विचारलं, "कसं म्हनू?" मला ते सांगताना भरून आलं, कारण आवाज चढत-उतरत नाही हे त्यांनाही माहीत, आम्हालाही माहीत, तरी कलाकारानं पहिला प्रश्न तोच विचारला. शेवटी त्यांनी आपली वाट काढली. 'कोणी' म्हणून थांबले, इतके थांबले की मला वाटलं विसरले, आणि मग 'आहे का' म्हणाले. पोरीनं डोळे पुसत रेकॉर्डिंग बंद केलं.

चंद्रपूरला एका हॉलमध्ये पिक्चर पहिल्यांदा दाखवला. डॉक्टर, वकील, कॉलेजची मुलं, प्राध्यापक आलेले. त्यातच मी झोपले. संपल्यावर लोकांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या आणि प्रश्न सुरू झाले. एक दाढीवाले सर काळाबद्दल इतकं बोलले की काळ खरंच थांबला. एक बाई म्हणाल्या, हा जंगलतोडीवरचा पिक्चर आहे. दुसरे म्हणाले, छे, हा एकटेपणावर आहे. एकानं सरळ विचारलं, "शेवटाचा अर्थ काय?" पोरगी म्हणते, "तुम्हाला जो वाटला तो." अगं, तू बनवलास ना? मग सांग की! ब्लाऊजच्या बाहीची पुढची बाजू कोणती हे मी गिऱ्हाइकाला ठरवायला सांगते का?

तेवढ्यात एका मुलानं विचारलं, "शेवटचा आवाज कॉम्प्युटरवर बनवला ना? भारी बनवलाय. अजिबात माणसाचा वाटत नाही."

पोरगी काही बोलू शकली नाही, कारण वचन दिलेलं. मुलाचा काय दोष, त्यानं कौतुकच केलं होतं. पण बाबा माझ्या शेजारी बसलेले. त्यांनी मफलर वर ओढून घेतला आणि परतीच्या रस्त्यात मूल गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मग माझा हात हलवून ओठांनी म्हणाले, "हसले असते तं बरं झालं असतं. हसाले माणूस लागते."

मी चहाच्या टपरीवर गाडी थांबवून उतरले आणि उगीचच चहावाल्याशी चहा पाणचट म्हणून भांडले.

पोरीनं मग हट्ट धरला की पिक्चर झाडीतल्या लोकांना दाखवायचा. बाबांना ओळखणारा एक कंपनीमालक तयार झाला. एका गावच्या मंडईला त्याच्या कंपनीचं नाटक होतं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, जिलेबी-सिंगाडे खातात, कोणाच्या पोरीला पाहून घेतात आणि मग नाटक. मालक म्हणाला, "नाटक सुरू व्हाच्या आधी दाखवून टाका, दिवेलागणीले. लोक तसेही जागा पकडाले लवकर येतेत."

"अगं बाई, त्या लोकांना हा पिक्चर?" मी पोरीला म्हटलं. "तिथे नट जरा थांबला तरी लोक म्हणतात, विसरला रे विसरला. तुझ्या पिक्चरमध्ये तर सगळे थांबलेलेच आहेत. दगड खाशील."

पण बाबांनी कपडे काढून ठेवले होते, इस्त्री करून. त्यांना जायचं होतं. जाताना त्यांनी यंत्र कोटाच्या खिशात टाकलं आणि मला ओठांनी स्पष्ट सांगितलं, मी चुकीचं वाचू नये म्हणून हळूहळू. "हे माझे लोक आहेत. ह्यायले बी हा आवाज मशीनचाच वाटला, तं परत येताना वैनगंगेत टाकून देतो. मंग पुन्हा म्हनू नको मले बोला म्हनून."

मी वाद घातला नाही. मला माहीत होतं, ते टाकतील. माझा बाप जेवढा गोड, तेवढा हट्टी.

मंडप गच्च भरलेला. बाया चादरी अंथरून पुढे, सिंगाड्यांच्या सालांचा ढीग, पोरं खांबावर. बाबा आणि मी मागे, कडेला. मालकानं माइकवरून सांगितलं, आधी एक छोटा पिक्चर आहे, आपल्याच भागात काढलेला. लोकांनी शिट्या मारल्या. पडद्यावर जंगल आलं. आणि जंगलच राहिलं.

"सुरू झाला का?" कोणीतरी विचारलं.

"झाला जी. हाच हाय पिक्चर."

"मंग मानूस काऊन हलून नाई राह्यला?"

"करंट गेला असन."

लोक हसले. पोरगी प्रोजेक्टरजवळ उभी, चेहरा पांढरा. पण बाबा बघत होते ते पडद्याकडे नाही, लोकांकडे.

मग हळूहळू आमच्या लोकांनी त्या पिक्चरला आपल्या पद्धतीनं हातात घेतलं. चंद्रपूरच्या हॉलमध्ये लोक गप्प बसून पाहत होते. इथे कोण गप्प बसतं? नाटकात खलनायक दाराआड लपला की नायिकेला ओरडून सांगणारी ही माणसं. पडद्यावर बाबा संध्याकाळी काठी घेऊन जंगलात निघाले, तर पुढून एक बाई ओरडली, "अवो, एकटे नोका जाऊ, वाघ असन तिकडे!" वर्दीचं तुटलेलं बटन दिसलं तर दुसरी हळहळली, "बायको नाई वाट्टे बिचाऱ्याले. कोन लावन बटन?" मी ते बटन तोडलं होतं, मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. चौकीवर परत आलेल्या माणसांनी बाबांना ओळखलं नाही, तेव्हा तर मंडपच पेटला.

"अबे, काल तं त्यानं पानी पाजलं तुले!"

"वरखाले पाहून घे न नीट, तोच हाय!"

"गरज सरो, वैद्य मरो! असेच असतेत सारे."

पावलात पाय ठेवून बघायचा प्रसंग आला तेव्हा कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला समजावलं, "तो आपलाच आपल्या मांगं लागला हाय." शेजारी म्हणाला, "नाई, तो मेला हाय, त्याले मालूम नाई." तिसरा म्हणाला, "दुसऱ्या ग्रहावरचे लोक हायेत ते, आमच्या पोराच्या मोबाईलमंधी दाखवतेत." बायांमध्ये वेगळीच पंचाईत सुरू झाली, की ह्या माणसाला गाव असेल, तर गावचे लोक बघायला का येत नाहीत. त्या प्रश्नावर चंद्रपूरला कोणी तोंडही उघडलं नव्हतं. मी झोपले नाही, हे सांगायला नकोच.

वायरलेस सुरू झाला. खरखर आली. मी बाबांचा हात धरला.

"कोणी..."

ते थांबणं आलं. खांबावरची पोरंही थांबली.

"...आहे का?"

पडदा काळा झाला. इथे सगळं गप्प राहायचं, पोरीनं तसंच बनवलेलं, तो प्रश्न तसाच हवेत राहायला हवा. चंद्रपुरात तो तसाच राहिला. पण आमच्या लोकांना कोणी मंचावरून काही विचारलं आणि उत्तर द्यायचं नाही, हे त्यांना जमतच नाही. पुढच्या चादरीवरून एका बाईचा आवाज आला, शेजारीण दारात हाक मारते तसा सहज.

"आहोत न जी!"

आणि मग सगळीकडून. "आहोत आहोत!" "आमी हाओत न, बोला!" "कोन होय? कुठून बोलून राह्यले?" काळ्या पडद्याकडे बघून अख्खा मंडप त्या आवाजाशी बोलायला लागला. कोणी म्हणे, बिमार हाय तो, आवाज ऐका न त्याचा, पानी पायजे असन. कोणी म्हणे, पत्ता इचारा त्याले. पडदा तसाच काळा, आणि उत्तर येईना म्हणून लोक आणखी जोरात हाका मारायला लागले. मग कुठून तरी आलं, "वन्स मोर!" नाटकातलं गाणं आवडलं की देतात तसा. "वन्स मोर! पुन्हा बोलू द्या त्याले!"

प्रोजेक्टरजवळ पोरगी रडत होती आणि पिक्चर मागे कसा न्यायचा ते तिला सुचत नव्हतं. मी वळून बघते तर शेजारी बाबा नव्हते.

ते मधल्या वाटेनं पुढे चालले होते. कलाकार चालतो तसे, घाई न करता. मंचावर चढले, काळ्या पडद्यासमोर माइकपाशी आले, मफलर सोडला. खिशातून यंत्र काढून गळ्याला लावलं. मी उठून उभी राहिले. हे आता काय करणार, आणि लोक काय करणार?

"मी आहे," बाबा म्हणाले. "मीच बोलत होतो."

लोक त्यांच्याकडे बघत होते, गळ्याच्या भोकाकडे, हातातल्या यंत्राकडे. मग पुढच्या चादरीवरची एक म्हातारी उठून उभी राहिली, कपाळावर हात आडवा धरून तिनं नीट निरखलं, आणि इतक्या मोठ्यानं ओरडली की माइकची गरज नाही.

"अरे मेल्या! इतके दिवस होतास कुठी?"

त्या शिवीनं मंडप उसळला. ओळख एका माणसाकडून दुसऱ्याकडे धावत गेली. लोक उभे राहिले, शिट्या, टाळ्या, कोणी बक्षीस जाहीर करायला मालकाच्या माइककडे धावलं. बाबा तिथेच उभे. त्यांनी हात वर केला, लोक बसले, आणि त्यांनी म्हातारीच्या प्रश्नाला यंत्र लावून प्रामाणिक उत्तर दिलं.

"घरी होतो, माय. लाजत होतो."

"लाजाचं काऊन?" म्हातारी म्हणाली. "तुले आमी खलनायक म्हनून पाह्यलं, लाजताना कधी पाह्यलं नाई. बस आता तिथीच आन सांग, त्या जंगलात काय होतं?"

बाबांनी सांगितलं. काय सांगितलं हे मला धड आठवत नाही, कारण मी तोंडात पदर कोंबून रडत होते. एवढं आठवतं की ते एकेक शब्द त्या घरघरीत बोलले, आणि लोकांनी प्रश्न विचारले, आणि ज्यांना कळलं नाही त्यांनी "पुन्हा सांगा जी" म्हटलं, आणि त्यांनी पुन्हा सांगितलं. नाटक त्या रात्री उशिरा सुरू झालं आणि कोणी तक्रार केली नाही.

मी पोरीजवळ गेले. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "आता तरी सांग बाई, तुझ्या गोष्टीत तो आवाज कोणाचा होता?"

"खरंच नाही माहीत, ताई."

कुठं डोकं आपटावं! पण ती हसत होती, मीही हसले.

बाबांना पूर्ण नाटक पाहायचं होतं, म्हणून आम्ही सकाळी निघालो. जीपमध्ये दोघंच मागच्या सीटवर. गाव सुटायच्या आतच त्यांनी यंत्र गळ्याला लावलं. म्हणाले, दुसऱ्या अंकातल्या नायकाला वाक्य तोडून म्हणता येत नाही. मग म्हणाले, खलनायक फारच ओरडतो, ओरडणं म्हणजे दरारा नाही. मग प्रकाशयोजना. मग पेटीवाला. मग मी शिवलेल्या पाटलाच्या कोटाच्या खांद्यात झोल आहे, हेही. मग थेट नायिकेवर आले. धानाची कापणी चाललेली शेतं मागे जात होती, माझे डोळे जागरणानं चुरचुरत होते, आणि कानाशी ते घर्रर्र अखंड. वैनगंगेचा पूल आला आणि गेला, तरी पाण्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, कारण बोलण्यातून त्यांना फुरसतच नव्हती. कोटाच्या झोलाबद्दल ते तिसऱ्यांदा बोलायला लागले तेव्हा माझं डोकं फिरलं.

"बाबा," मी ओरडले, "जरा चूप बसता का आता!"

बाबा थांबले. यंत्र गळ्याशी तसंच धरलेलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, ते माझ्याकडे, आणि मला जे कळलं ते त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, बाई, काऊन रडून राह्यल्या? मी म्हटलं, तू गाडी चालव.

मग बाबांनी बटन दाबलं. "नाई बसत," म्हणाले, आणि कोटाचं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.